वाचकांचे प्रश्न : रस्त्यात गेलेली जमीन आणि सरकारच्या अधिकाराची हद्द

प्रश्न : रस्ता रुंदीकरणात आमच्या द्राक्षबागेच्या बांधालगतची सुमारे चार गुंठे जमीन गेली. भूसंपादनाची नोटीस आली नाही, निवाडा (संपादन व मोबदला ठरविणारा आदेश) झाला नाही आणि मोबदलाही मिळालेला नाही. सातबारा आजही वडिलांच्याच नावावर आहे. चौकशी केली की ‘तुमच्या वडिलांनी तेव्हा तोंडी संमती दिली होती, आता वीस वर्षे होऊन गेली’ असे उत्तर मिळते. मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिलेला नसताना न्यायालय सरकारला जाब विचारू शकते का?
– एक बागायतदार, तासगाव

उत्तर : होय, विचारू शकते. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला हे खरे. परंतु त्याच दुरुस्तीने अनुच्छेद ३००-अ घटनेत आला आणि कायद्याचा आधार असल्याखेरीज कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही, असे बंधन सरकारवर कायम राहिले. रस्ता हवा की नको, तो किती रुंद असावा, हे ठरविणे न्यायालयाचे काम नाही आणि न्यायालय त्यात सहसा पडतही नाही. ही जमीन कोणत्या कायद्याने, कोणत्या आदेशाने आणि कोणती प्रक्रिया पाळून घेतली, एवढेच ते विचारते, आणि त्याचे उत्तर कागदोपत्री देण्याची जबाबदारी सरकारची असते. जमीन आपली आहे हे आपण सातबाऱ्याने दाखविल्यानंतर ती आपल्याकडून कायदेशीरपणे गेली, हे सरकारने दाखवावयाचे असते. ‘तोंडी संमती’ हे त्यावरचे पुरेसे उत्तर मला वाटत नाही.

हिमाचल प्रदेशातील एका निरक्षर, वृद्ध विधवेच्या प्रकरणात जवळजवळ अशीच उत्तरे देण्यात आली होती. १९६७-६८ मध्ये तिची जमीन रस्त्यासाठी घेतली गेली. ती न्यायालयात गेली तेव्हा तोंडी संमती, झालेला विलंब आणि इतक्या वर्षांच्या ताब्यामुळे सरकारलाच मिळालेली मालकी, असे तिन्ही बचाव राज्याने मांडले. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी ते फेटाळले आणि कल्याणकारी राज्याला आपल्याच नागरिकाच्या जमिनीवर प्रतिकूल ताब्याचा, म्हणजे दीर्घकाळच्या ताब्यावरून मालकीचा, दावा सांगता येणार नाही, असे स्पष्ट करून मोबदला देण्याचा आदेश दिला. नागरिकाचे अज्ञान आणि गरिबी हाच सरकारने आपला बचाव करावा, याचा मला आजही संताप येतो.

तरीही उशिरा आलेली प्रत्येक याचिका दाखल करून घेतली जातेच असे नाही, त्यामुळे आणखी वेळ दवडू नये. आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी, जुने फेरफार काढावेत आणि माहितीच्या अधिकारात निवाड्याची व ताबा पावतीची प्रत मागावी. असा निवाडा अभिलेखात आढळत नाही, असे लेखी उत्तर आले तर तोच आपला सर्वांत मोठा पुरावा ठरू शकेल. त्यानंतर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका (सरकारला आदेश द्यावा अशी थेट मागणी करणारा अर्ज) करता येते. सांगली आणि साताऱ्याच्या पक्षकारांना त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, कोल्हापुरात सुरू झाले आहे. हद्दीबद्दलच वाद असेल, म्हणजे ही चार गुंठे मुळात आपल्या गटातील होती की नव्हती असा प्रश्न असेल, तर मात्र उच्च न्यायालय दिवाणी न्यायालयात जाण्यास सांगण्याची शक्यता आहे.

प्रश्न : संसदेत दोन तृतीयांश बहुमत असलेल्या सरकारने न्यायालयाचा हा अधिकारच घटनादुरुस्तीने काढून घेतला तर?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : तसा प्रयत्न झालेला आहे. केशवानंद भारती खटल्यात २४ एप्रिल १९७३ रोजी तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा मतांनी ठरविले की संसद घटनेचा कोणताही अनुच्छेद, मूलभूत हक्कांचासुद्धा, दुरुस्त करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट, म्हणजे तिची गाभ्याची तत्त्वे, मोडू शकत नाही. या निकालाचा पहिला भाग अनेकदा विसरला जातो. संसदेचा दुरुस्तीचा अधिकार त्यात मान्यच झाला होता. पुढे आणीबाणीत, १९७६ मध्ये, बेचाळिसाव्या दुरुस्तीने घटनादुरुस्तीच्या अनुच्छेद ३६८ मध्ये दोन खंड घालून घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही आणि संसदेच्या या अधिकाराला मर्यादा नाही अशी तरतूद केली. १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालाने हे दोन्ही खंड रद्द झाले. दुरुस्तीचा मर्यादित अधिकार वापरून संसदेला स्वतःसाठी अमर्याद अधिकार निर्माण करता येणार नाही, हे त्यामागचे कारण होते. १९९७ मध्ये एल. चंद्रकुमार प्रकरणात सात न्यायमूर्तींनी उच्च न्यायालयांचा अनुच्छेद २२६ खालील न्यायिक पुनर्विलोकनाचा (सरकारची कृती व कायदे घटनेच्या कसोटीवर तपासण्याचा) अधिकारही याच मूलभूत चौकटीत धरला. त्यामुळे वरच्या प्रश्नातील बागायतदारांना ज्या अनुच्छेदाखाली कोल्हापुरात दाद मागता येते, तो अधिकार केवळ बहुमताच्या जोरावर नाहीसा करता येणार नाही.