पुण्यातील समाजशास्त्राचा विभाग विद्यापीठाच्या आधी कसा सुरू झाला?

प्रश्न असा आहे की, पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले, मग इरावती कर्वे १९३९ पासून समाजशास्त्राच्या विभागप्रमुख कशा?

हा विभाग डेक्कन कॉलेजचा होता. सरकारने १९३४ साली हे कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी चिकाटीने पाठपुरावा केल्यानंतर १९३९ साली ते पुन्हा उघडले, पण पदवीचे वर्ग नसलेली पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून. आणि त्या वेळी पुणे मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येत होते. भाषाशास्त्र आणि इतिहासाच्या जोडीला समाजशास्त्र-मानवशास्त्राला येथे स्वतंत्र स्थान मिळाले, हे मला फार मोलाचे वाटते, कारण येरवड्याच्या त्या दगडी इमारतीत इरावतीबाईंचे नातेसंबंधांवरील संशोधन आणि हसमुख सांकलियांचे पुरातत्त्व शेजारी-शेजारी चालले आणि गुजरातेतील लांघणज येथील उत्खननात दोघे एकत्र आले.

अर्थशास्त्राची वाट निराळी. भारत सेवक समाजाने १९३० साली गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था स्थापली आणि धनंजयराव गाडगीळ १९६६ पर्यंत तिचे संचालक होते. त्यानंतर ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

त्यामुळे पुण्यातील सामाजिक शास्त्रांचा प्रशासकीय इतिहास शोधताना केवळ विद्यापीठाचे दप्तर पाहून भागत नाही. या दोन्ही संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो थेट १९९० च्या दशकात.