मुलीच्या अंगावर सात तपकिरी डाग आहेत. न्यूरोफायब्रोमॅटोसिससाठी एमआरआय आणि जनुकीय चाचणी लगेच करावी का?

तुमची मुलगी चार वर्षांची आहे, डॉक्टरांना न्यूरोफायब्रोमॅटोसिसची (कातडीवर डाग आणि नसांवर गाठी येणाऱ्या जनुकीय आजाराची) शंका आहे आणि घरातली मोठी माणसे मात्र ते डाग ग्रहणाचे असल्याचे सांगत आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. तुमच्या त्या शेवटच्या वाक्यामुळेच मी उत्तर लिहायला बसलो.

आम्ही वेंगुर्ल्याजवळच्या गावातले. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, 15 जानेवारी 2010 रोजी सूर्यग्रहण होते आणि माझी पत्नी तेव्हा चौथ्या महिन्यात होती. भर ग्रहणात तिने विळीवर लाल भोपळा चिरला, एवढीच तिची चूक घरात नोंदली गेली. मुलगा झाला आणि वर्षभरात त्याच्या पोटावर, मांड्यांवर, पाठीवर दुधाच्या कॉफीच्या रंगाचे, सपाट, स्वच्छ कडांचे डाग उमटले. त्यांना खाज नव्हती की खपली नव्हती. तरीही एका डॉक्टरांनी नायटा म्हणून कित्येक महिने मलम दिले. आत्या मात्र पहिल्या दिवसापासून ठाम होती: "गिराणात चिरूक बसलंस, त्याचा ह्या फळ." पाच वर्षे माझी पत्नी हे वाक्य ऐकत राहिली आणि त्या पाच वर्षांत मी एकदाही आत्याला थांबवले नाही.

2015 साली शाळेतून तक्रार आली की मुलगा अक्षरे गिरवताना मागे पडतो आणि एका जागी बसत नाही. तेव्हा एका बालरोगतज्ज्ञांनी डाग पाहिले आणि आम्हाला मुंबईला पाठवले. आम्ही कुडाळहून कोकणकन्येने गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मुलाला खिडकीच्या उजेडात उभे केले आणि पट्टी लावून एकेक डाग मोजला. वयात येण्यापूर्वी पाच मिलिमीटरपेक्षा मोठे सहा किंवा अधिक डाग असतील तर या आजाराच्या निदानाचा एक निकष पूर्ण होतो. आमच्या मुलाला अकरा होते. काखेत तिळासारखे बारीक ठिपके होते, तो दुसरा निकष झाला. मग डोक्याचा घेर, रक्तदाब, पुढे वाकवून पाठीचा कणा आणि पायांच्या नळ्या सरळ आहेत का, हे सारे पाहून झाल्यावर डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "आता तुम्ही शर्ट काढा."

माझ्या पाठीवर सहा-सात मऊ गाठी होत्या. त्या चरबीच्या आहेत असे मी आयुष्यभर धरून चाललो होतो. डॉक्टरांनी एका गाठीवर बोट ठेवून हलके दाबले, तेव्हा ती काजात बटण शिरावे तशी कातडीच्या आत गेली आणि बोट काढताच पुन्हा वर आली. माझ्याही काखेत तेच ठिपके होते. नंतर स्लिट लॅम्पवर (डोळे मोठे करून पाहण्याच्या यंत्रावर) माझ्या बुबुळांत लिश नोड्यूल्स, म्हणजे या आजारात दिसणारे बारीक उंचवटे, दिसले. पत्नी मुलाचा सदरा हातात धरून बाजूला उभी होती. ती काहीच बोलली नाही. त्या सदऱ्याची घडी घालत राहिली, उलगडत राहिली.

म्हणून स्पष्ट सांगतो: ग्रहणाचा या आजाराशी काडीचाही संबंध नाही. सतराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातील बदलामुळे तो होतो आणि हे जनुक 1990 सालीच सापडले आहे. सुमारे तीन हजार जन्मांमागे एका मुलाला तो असतो. निम्म्या मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो, त्यामुळे आईवडील निर्दोष आढळले तरी निदान खोटे ठरत नाही. आईवडिलांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. मात्र एकाच घरात कोणाला नुसते डाग, तर कोणाला मोठ्या गाठी, असे होऊ शकते.

एमआरआयबद्दल विचारले आहे. दृष्टी व्यवस्थित असेल आणि दुसरे लक्षण नसेल तर केवळ डागांसाठी तो करण्याची सहसा गरज नसते. इतक्या लहान मुलीला त्यासाठी गुंगीचे औषध द्यावे लागते. त्यापेक्षा नेत्रतज्ज्ञांकडून दरवर्षी तपासणी करून घेणे कितीतरी महत्त्वाचे आहे, कारण दृष्टीच्या नसेवरची गाठ बहुधा सहा-सात वर्षांच्या आतच उद्भवते आणि इतके लहान मूल "मला कमी दिसते" असे आपणहून सांगत नाही. जनुकीय चाचणीचा उपयोग डागांखेरीज दुसरा निकष नसेल तेव्हा अधिक होतो, कारण लेजियस सिंड्रोम नावाच्या सौम्य विकारातही असेच डाग असतात. डाग स्वतः निरुपद्रवी असतात, त्यांचा कर्करोग होत नाही आणि ते कोणाला लागत नाहीत. एखादी गाठ भराभर वाढू लागली, टणक झाली किंवा दुखू लागली, डोळा पुढे आला किंवा तिरळा झाला, किंवा सकाळी डोके दुखून उलट्या होऊ लागल्या, तर मात्र एक दिवसही थांबू नका. गाठीला कोणा वैदूला क्षार लावू देऊ नका.

घरी परतल्यावर मी थोरल्या भावाला सगळे सांगितले. त्याला दोन मुली आहेत. तो म्हणाला, "मुलींची लग्ने व्हायची आहेत, हा विषय अंगणाबाहेर जाता कामा नये." आमच्या वडिलांच्या छातीवरही अशाच गाठी होत्या; उघड्या अंगाने माडांना आळी करताना त्या आम्ही दोघांनी वर्षानुवर्षे पाहिल्या होत्या. म्हणजे भावालाही हा आजार असण्याची शक्यता होती आणि असला तर त्याच्या मुलींचे डोळे वेळेवर तपासले जाणे गरजेचे होते. तीन वर्षे आमचे बोलणे बंद होते. मी आजही म्हणतो की त्याचे चुकले. स्थळ मोडेल या भीतीने पोरीची दृष्टी पणाला लावणे हे प्रेम नव्हे, मग सांगणारा कितीही मोठा असो. तुमच्या घरात कोणी असे म्हणाले तर गप्प बसू नका.

मी डॉक्टर नाही; वर लिहिले आहे ते आमच्या डॉक्टरांकडून आणि दहा वर्षांच्या तपासण्यांतून समजलेले आहे. एक-दोन डाग पुष्कळ निरोगी मुलांनाही असतात. हा आजार मुळातून बरा करणारे औषध नाही, पण शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या प्लेक्सिफॉर्म (नसांच्या जाळ्यात पसरलेल्या) गाठींसाठी अमेरिकेत 2020 साली सेल्युमेटिनिब या औषधाला दोन वर्षांवरील मुलांकरिता मान्यता मिळाली. ते महाग आहे आणि प्रत्येकाला लागत नाही. आमच्या मुलाला आजवर लागलेले नाही. शाळेत त्याला आळशी म्हणत होते, ते आजाराचाच भाग असलेल्या शिकण्यातल्या अडचणीमुळे होते, हे शिक्षकांना पटवायला दोन वर्षे गेली.

पुढच्या तपासणीला यजमानांना सोबत घेऊन जा आणि त्यांचीही पाठ, काखा आणि डोळे दाखवा. मी पहिल्या दोन खेपांना पत्नीला एकटीलाच पाठवले होते.