दृष्टी गेलेल्या माणसाला उपकरणांची खरोखर मदत होते का, की शेवटी सगळं घरच्यांनाच करावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की काचबिंदूमुळे वडिलांची दृष्टी बरीचशी गेली आहे आणि ते गप्प गप्प राहतात. मी स्वतः अंध आहे. माझं वाचणं, लिहिणं, नोकरी, सगळं स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर चालतं, म्हणून उत्तर देते आहे.

मदत होते, खूप होते. मात्र स्वावलंबन म्हणजे प्रत्येक काम स्वतःच्या हातानं करणं, असं धरून चाललात तर निराशा पदरी येईल. अमेरिकेत बर्कली इथे १९७२ साली दिव्यांगांनीच चालवलेलं स्वतंत्र जीवन केंद्र सुरू झालं. त्यामागच्या लोकांपैकी एड रॉबर्ट्स पोलिओमुळे मानेखाली जवळजवळ लुळे होते. अंगात कपडे घालायलाही त्यांना माणूस लागे. पण त्यांचं म्हणणं असं की कधी उठायचं, कुठे जायचं, मदतीला कोणाला ठेवायचं हे मी ठरवतो, म्हणून मी स्वतंत्र आहे. मला हे मनापासून पटतं.

माझंच सांगते. बँकेचा मेसेज, डॉक्टरांचा रिपोर्ट, मैत्रिणीनं लिहिलेलं काही, हे दुसऱ्यानं वाचून दाखवायचं म्हटलं की वाचणारा कितीही मायेचा असला तरी "काही विशेष नाही" म्हणत निम्मं गाळतो. शिवाय आपलं खासगी असं काही उरतच नाही. स्क्रीन रीडरनं मला काय परत दिलं असेल तर हे: माझं पत्र आधी मी वाचते, मग कोणाला सांगायचं ते ठरवते.

स्क्रीन रीडर सहसा पडद्याचं चित्र बघत नाही. प्रत्येक बटणामागे, प्रत्येक रकान्यामागे प्रोग्राम करणाऱ्यानं नाव आणि प्रकार लिहिलेला असावा लागतो. तो ते उचलून बोलतो. नाव लिहिलंच नसेल तर कानावर नुसतं "बटण, बटण, बटण" पडतं, आणि पैसे पाठवायचे कोणतं आणि रद्द करायचं कोणतं ते कळत नाही. स्कॅन करून टाकलेली पीडीएफ म्हणजे त्याच्या लेखी निव्वळ चित्र. आधी ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामकडून, अक्षरं सोडवून घ्यावी लागतात. एखादं अ‍ॅप चालत नसेल तर दोष बहुतेक वेळा ते बनवणाऱ्याचा असतो, हे वडिलांना आवर्जून सांगा. नाहीतर ते स्वतःलाच दोष देत बसतील.

संगणकासाठी एनव्हीडीए नावाचं स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं ते २००६ मध्ये लिहायला घेतलं. फोनमध्ये तर वेगळं काही घालावंही लागत नाही: आयफोनवर व्हॉइसओव्हर आणि बहुतेक अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हे स्क्रीन रीडर आधीच असतात.

काचबिंदूत सहसा आधी कडेचं दिसणं जातं. मधलं थोडं शिल्लक असेल तर अक्षर फार मोठं करू नका; अरुंद नजरेत मोठी अक्षरं दोन-तीनच मावतात. काळ्यावर पांढरं किंवा पिवळं अक्षर आणि चांगला उजेड यांचा जास्त उपयोग होतो. आणि पांढरी काठी. डोळस माणसांना ती लाचारीची खूण वाटते, म्हणून घरचेच ती लांबवत राहतात. प्रत्यक्षात तिचं नीट शास्त्र आहे: डावं पाऊल पुढे टाकताना टोक उजवीकडे टेकवायचं, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासून होते. हे प्रशिक्षकाकडूनच शिकावं. कडेचं दिसत नसलेल्या माणसाला पायरी आणि खड्डा काठीच सांगते.

आता मुद्द्याचं. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २२७ दिव्यांग प्रौढांना त्यांच्या उपकरणांबद्दल विचारलं होतं. २९.३ टक्के उपकरणं वापरातून बाद झालेली निघाली, आणि त्यामागचं एक कारण होतं, निवडताना वापरणाऱ्याचं मत न घेणं. मापाची नसलेली व्हीलचेअर, कानात शिट्टी वाजणारं श्रवणयंत्र, कौतुकानं भेट दिलेलं बोलणारं घड्याळ: सगळ्यांची गत तीच होते. म्हणून तुम्ही परस्पर काही मागवू नका. "कोणत्या गोष्टीसाठी दुसऱ्याला हाक मारणं सगळ्यात जड जातं?" एवढंच त्यांना विचारा. उत्तर तुमच्या अंदाजापलीकडचं असू शकतं; कोणाला हिशेब बघायचा असतो, कोणाला एकट्यानं फेरी मारायची असते.

उत्तर फोनशी निगडित असेल तर सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' उघडून टॉकबॅक सुरू करा. बोट पडद्यावर सरकवलं की खाली काय आहे ते ऐकू येतं. हवं ते ऐकलं की कुठेही दोनदा टिचकी मारायची. सुरुवातीला आवाजाचा वेग अगदी कमी ठेवा. आधी फक्त फोन उचलणं आणि लावणं, बाकी काही नाही. ते अडखळतील, चिडतीलही. तेव्हा "द्या इकडे, मी करतो" म्हणून फोन हातातून घेऊ नका, शेजारी बसून राहा. फोनवर कुठे अडलं तर फोनचा प्रकार लिहून इथेच विचारा, मी पायरीपायरीनं सांगेन.