बाबांना काही कमी नाही, तरी खंगत का चालले?

‘वेळेवर जेवण, वेळेवर गोळ्या, सगळं हातात. रिपोर्टही नॉर्मल आहेत. मग बाबा खंगत का चालले?’ हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे अनेक घरांतून येतो. कधी आईबद्दल, कधी सासऱ्यांबद्दल. त्यातल्या एका घराची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

कुटुंब नागपूरच्या त्रिमूर्तीनगरचं. मुलगा मिहानमध्ये नोकरीला, सून शिक्षिका, नातू आठवीत. बाबा ७४ वर्षांचे, वीज मंडळातून निवृत्त. आई जाऊन दोन वर्षं झालेली. मागच्या पावसाळ्यात बाबांची स्कूटर चौकात घसरली. खरचटण्यावर निभावलं, पण मुलगा धास्तावला आणि किल्ली कपाटात गेली. हळूहळू भाजी ॲपवरून यायला लागली, बँकेची कामं मोबाईलवर गेली, दळण कामवाल्या बाई आणू लागल्या. त्याच काळात बाबांचं वजन उतरलं, पहाटे तीनला जाग येऊ लागली, पोट साफ होईना, बोलणं कमी झालं. सांगितलेलं विसरतात, भलतंच उत्तर देतात, असंही मुलगा म्हणाला. हा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश तर नाही, ही त्याची खरी भीती होती.

मी बाबांना, म्हणजे माझ्या काकाजींना, काही विचारलं की उत्तर मुलगा द्यायचा. शेवटी त्याला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

‘काकाजी, जेवण कसं होतं?’

‘लेव्हल ठीक आहे जी. सकाळीच पाहिली.’

ते बीपीबद्दल बोलत होते. मी खुर्ची ओढून अगदी समोर बसले आणि ओठ दिसतील अशा बेतानं तोच प्रश्न सावकाश विचारला. मग मात्र ते बोलायला लागले. ‘एकट्याला घास जात नाही. सकाळी सगळे निघून जाते. काही करतो म्हटलं तर म्हणते, बाबा तुम्ही आराम करा. किती आराम करावं जी माणसानं?’

टपरीवर त्यांचे जुने सहकारी रोज संध्याकाळी बसतात. तिथे जाणं त्यांनी बंद केलं होतं. ‘ते हसते, मला समजत नाही कशावर हसते. मी पण हसतो उगाच. मग वाटलं, कायले जायचं? ही होती तर घरी आल्यागेल्याचं तरी सांगायची ना, कोण काय म्हणाले ते.’

काकूंनी कित्येक वर्षं त्यांच्या कानांचं काम केलं होतं. पाहुणे काय म्हणाले, डॉक्टर काय म्हणाले, हे त्या सहज परत बोलायच्या. त्यामुळे ऐकू कमी येतंय हे ना त्यांना उमगलं, ना घराला. घर ज्याला विसरणं समजत होतं, त्यातलं बरंचसं त्यांना मुळात ऐकूच गेलेलं नव्हतं. टीव्ही फार मोठा लावतात, ही सुनेची तक्रारही त्यातलीच.

अशा वेळी मी लगेच गप्पांचं समुपदेशन सुरू करत नाही. आधी फिजिशियनकडे पाठवते. थायरॉइडचा बिघाड, बी-१२ ची कमतरता, काही चालू गोळ्या, यांनीही माणूस मरगळतो आणि विसरतो. काकाजींचं बी-१२ कमी निघालं, त्याचे उपचार सुरू झाले. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी झाली. दोन्ही कानांना ऐकण्याचं मशीन लागणार होतं. वयस्कांच्या नैराश्यासाठी १५ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात, ती घेतली. तिची खुबी अशी की ती झोप-भूक विचारत नाही, कारण म्हातारपणी त्या इतर कारणांनीही बिघडतात. ती विचारते, आपण निरुपयोगी झालो असं वाटतं का, घरातच राहावंसं वाटतं का. काकाजींची उत्तरं सौम्य नैराश्याकडे बोट दाखवत होती.

‘पण मनाचं पोटाशी आणि वजनाशी काय?’ मुलानं विचारलं. प्रश्न रास्त होता. एकटा माणूस कमी जेवतो, कमी चालतो, पाणीही कमी पितो. पोट तिथेच बिघडतं. ताण कायम राहिला की झोप तुटक होते, रक्तदाब चढतो. पडण्याच्या भीतीनं बसवून ठेवलं तर पायांचे स्नायू ओसरतात, तोल जातो आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. २०१० मध्ये १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून अधिक माणसांच्या माहितीचं एकत्र विश्लेषण झालं. ज्यांची नातीगोती घट्ट होती, त्यांची अभ्यासाच्या काळात तगून राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं डिमेन्शियाचा धोका वाढवणारी, पण ज्यावर काही करता येतं अशी १४ कारणं मांडली. ऐकू न येणं, नैराश्य आणि माणसांपासून तुटणं ही तिन्ही त्यात आहेत. या घरात तिन्ही एकत्र नांदत होती.

मुलानं हास्यक्लबाचं नाव काढलं. काकाजींनी हात झटकला. मीही आग्रह धरला नाही. ज्यांना रुचतं त्यांनी जरूर जावं, पण आयुष्यभर खांबावर चढून फॉल्ट शोधलेल्या माणसाला टाळ्या वाजवत हसायला लावण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. मी विचारलं, ‘घरातला कूलर कोण बसवतं?’ मागच्या उन्हाळ्यात मेकॅनिक बोलावला होता आणि काकाजी खुर्चीत बसून नुसते बघत होते. त्याआधी कितीतरी वर्षं होळी झाली की कूलर त्यांच्याच हातानं उतरायचा.

यंदा ते काम परत त्यांच्याकडे आलं. अटी दोनच: शिडीवर नातू चढेल आणि प्लग काढल्याशिवाय हात लावायचा नाही. आजोबा-नातवानं गच्चीवर कूलर उघडला, पंपावरचा पांढरा क्षार खरवडला, जुन्या ताट्या काढून नव्या बसवल्या. पंप आणायला काकाजी सुभाषनगरहून मेट्रोनं बर्डीला गेले, एकटे. शेजारच्या दोन घरांतूनही बोलावणं आलं. एका ठिकाणी त्यांनी आदल्या मेकॅनिकच्या वायरिंगवर सडकून टीका केली म्हणे. ती मला बरे होण्याची पहिली खूण वाटली.

मशीननं मात्र सगळ्यांची परीक्षा पाहिली. ताटवाट्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणून ते ड्रॉवरमध्ये जाऊन पडलं. सुरुवातीला हे होतंच. आधी शांत खोलीत थोडा वेळ, मग वाढवत न्यायचं, आणि तज्ज्ञांकडून आवाज जुळवून घ्यायचा. आता टपरीवर जाताना ते न विसरता लावतात, घरी मनाला येईल तेव्हा.

मुलगा ऑफिसातून फोन करायचा तो ‘गोळी घेतली का’ एवढं विचारायला. त्याला म्हटलं, रोज एखादी तरी गोष्ट अशी विचार, जी बाबांना येते आणि तुला येत नाही. सुनेनं स्वतःहून एक बरं केलं. बाबांना त्रास होईल म्हणून घरात सासूबाईंचा विषयच निघत नसे. तिनं एका रविवारी विचारलं, आई गोळाभातात गोळे कधी सोडायच्या? काकाजी ओट्याशी उभे राहून सांगत होते, मध्येच रडले, आणि दोनदा भात घेऊन जेवले.

वजन थोडं परत आलंय, पोटाची तक्रार मागे पडलीय. पहाटेची जाग अजून आहे. स्कूटरच्या किल्लीवरून बापलेकांचं अजून वाजतं. डोळ्यांची तपासणी झाल्याशिवाय त्यात मी मत देणार नाही, असं दोघांनाही सांगितलंय.

तुमच्या घरी असं असेल तर आधी कान आणि रक्त तपासून घ्या. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, जेवण सुटत चाललं, किंवा ‘आता जगून काय करायचं’ असं बोलणं ऐकू आलं, तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. औषधांची गरज असू शकते. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर मोफत आणि चोवीस तास बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. तिथे फोन मुलांनी लावला तरी चालतो, पण रिसीव्हर बाबांच्या हातात द्या.