दक्षिणेच्या बाल्कनीत बाग: कुंड्यांच्या आधी उन्हाचा हिशेब

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर दहा बाय चार फुटांची दक्षिणेची बाल्कनी आहे, आता जानेवारीत दिवसभर ऊन येतंय, म्हणून टोमॅटो, मिरची, कढीपत्ता आणि मोगरा लावायचाय; तर कुंड्या किती आणू? माझं मत, या महिन्यात मोठी कुंडी एकही आणू नका. आधी एक खडू घ्या.

जानेवारीच्या उन्हावर दक्षिणेच्या बाल्कनीचा अंदाज बांधला की फसगत ठरलेली. डिसेंबरअखेर ठाण्यात भरदुपारी सूर्य क्षितिजापासून 47 अंशांवरच असतो, म्हणून ऊन छताखालून आत शिरून मागच्या भिंतीपर्यंत पोचतं. 21 मार्चला तो 71 अंशांवर जातो. वरच्या स्लॅबची कड नऊ फुटांवर धरली, तर तेव्हा ऊन आत तीनच फूट येतं, आणि एप्रिलअखेर फूटभरसुद्धा नाही. मेच्या मध्याला शून्य सावली दिवस होतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. तिथून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळही तो तिकडेच झुकलेला. म्हणजे मे ते जुलै तुमच्याकडे उजेड भरपूर, पण थेट ऊन नाही.

म्हणून मोगरा यादीतून काढा. त्याचा बहर उन्हाळ्याचा, त्याला पाच-सहा तास ऊन हवं, आणि तुमचं ऊन नेमकं तेव्हाच पळतं. पानं हिरवीगार राहतील, कळी दिसणार नाही. मग खतं घालत बसाल. टोमॅटोही आता नको. आज बी टाकलं तर फळ धरेपर्यंत एप्रिल उजाडेल, ऊन गेलेलं आणि रात्रीही गरम, त्यात फुलं गळतात. सप्टेंबरच्या शेवटी बी टाका, चार आठवड्यांनी रोप हलवा. मग अख्खा हिवाळा तुमचाच आहे.

खडूचं काम सोपं. दर रविवारी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला लादीवर उन्हाची कड आखा, शेजारी तारीख. पुढ्यात टॉवर असेल तर हे आणखी गरजेचं, कारण हिवाळ्याचा खालून येणारा सूर्य त्याच्याच आड जातो. त्याच नकाशावर कपड्यांची दोरी, नळ, पाणी जायची जाळी आणि एसीचं आउटडोअर युनिट दाखवा. युनिटच्या गरम झोतात ठेवलेल्या झाडाची पानं कडेने करपतात, आणि लोक त्याला रोग समजून फवारत बसतात.

मग वजन. बारा बाय बारा इंचांच्या ग्रो बॅगेत, म्हणजे कुंडीऐवजी वापरायच्या पिशवीत, साधारण 20 लिटर माल बसतो. नुसती लाल माती भरली तर ओली बॅग 35 किलोच्या आसपास जाते, कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळलं तर 20 ते 25. जड बॅगा भिंतीलगत, कठड्याकडे हलक्या. बाल्कनीचा स्लॅब बहुधा बाहेर लोंबता असतो, त्याच्या टोकावर भार नको. इमारत जुनी असेल किंवा स्लॅबला तडे असतील, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. ग्रिलबाहेर कुंडी टांगू नका. सातव्या मजल्यावरून ती कोणाच्या डोक्यात पडेल सांगता येत नाही.

एका बॅगेला 8 लिटर लाल माती, 6 लिटर भिजवलेलं कोकोपीट, 5 लिटर पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. वर दोन इंच जागा मोकळी. कोकोपीट दोनदा धुऊन पिळा, नाहीतर त्यातल्या क्षारांनी रोपं खुरटतात. शेणखताला वास येत असेल तर ते कच्चं आहे. घातलंत तर मुळं जळतील. नर्सरीतली चिकट लाल माती एकटी भरली, तर दोन महिन्यांत वीट होते आणि पाणी कडेने वाहून जातं.

तुमच्या जागेत सात-आठ बॅगा पुरे, उरलेली जागा चालायला. मिरचीच्या दोन, टोमॅटोच्या तीन, कढीपत्त्याला एक मोठी, 30 लिटरची. ती बाहेरच्या कडेला, पण कोपऱ्यात, जिथे स्लॅबला भिंतीचा आधार आहे. पावसाळ्यासाठी अळूची एक बॅग, त्याला कमी उन्हाचं वावडं नाही. एप्रिल-मेमध्ये बॅगेला रोज लिटर-दीड लिटर पाणी लागतं, म्हणजे सगळ्यांना मिळून अर्धी-पाऊण बादली. मेमध्ये पंधरा दिवस गावी जाणार असाल तर ती कोण घालणार, हे आत्ताच ठरवा.

कबुतरांची जाळी बॅगा आणायच्या आधी लावून घ्या, नंतर कामगाराला पाय ठेवायला जागा उरत नाही. बॅगा विटांवर ठेवा, म्हणजे भोकं तुंबणार नाहीत. पाणी जायच्या तोंडावर बारीक जाळी बसवा. माती पाइपात गेली की खालच्या मजल्यावरून तक्रार आलीच. बॅगेखालच्या थाळीत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूच्या डासाला तेवढंही पुरतं.

अगदीच राहवत नसेल तर सहा इंच खोलीचे दोन ट्रे आणा. एकात घरातले मेथीदाणे, रात्रभर भिजवून. दुसऱ्यात धणे, लाटण्याने हलके रगडून दोन फाकी केलेले. मेथी महिन्याभरात खुडायला येते, कोथिंबीर थोडी मागून, आणि दोन्ही मार्चमध्ये ऊन आखडायच्या आत संपतात.