गाडीच्या कंपनीचं स्वतःचं फायनान्स घ्यावं की बँकेचं कर्ज?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पगारदार आहात, सिबिल चांगला आहे, आठ लाखांचं कर्ज हवंय, आणि शोरूमवाले ‘कंपनीचंच फायनान्स घ्या, व्याज कमी आहे’ म्हणून मागे लागलेत. गाड्या बनवणाऱ्यांना ही सावकारी कशाला करायची असते, आणि ते कर्ज घ्यावं का?

एका डीलरकडे फायनान्सच्या टेबलावर मी काही वर्षं काढली आहेत, म्हणून टेबलाच्या आतल्या बाजूने सांगतो.

आधी ‘कशाला’. कर्ज देऊन व्याज कमावणं हे बँकेचं कामच आहे. गाडीच्या कंपनीची फायनान्स शाखाही व्याज कमावते, पण तिला जन्माला घातलेलं असतं गाड्या खपवायला. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९१९ साली जीएमएसी नावाची अशी कंपनी काढली. कारखाना बारा महिने चालणार, पण गिऱ्हाईक यायचं थंडी सरल्यावर. हिवाळ्यात रस्ते बर्फाने नाहीतर चिखलाने बंद, त्यात बहुतेक गाड्या वरून उघड्या. मग थंडीभर तयार झालेल्या गाड्या डीलरने कोणाच्या पैशावर ठेवायच्या? मोटार ही चैन, असं मानणाऱ्या बँका हात आखडता घ्यायच्या. म्हणून जीएमएसी डीलरला माल भरायला पैसे देऊ लागली आणि गिऱ्हाइकाला हप्ते बांधून देऊ लागली.

हेन्री फोर्डला उधारीचा तिटकारा. त्याने १९२३ मध्ये उलटी योजना आणली : आठवड्याला पाच डॉलर भरत राहा, पूर्ण किंमत जमली की गाडी घेऊन जा. म्हणजे भिशीच, फक्त नंबर सगळ्यात शेवटी लागणारी. समोर जनरल मोटर्सची शेवर्ले थोडे पैसे भरून आजच मिळत असताना लोक कशाला थांबतील? १९२७ मध्ये फोर्डची मॉडेल टी गाडी बंद पडली त्याला जुनं डिझाइन वगैरे इतर कारणंही होती, पण हप्त्यांचा वाटा मोठा होता. पुढे १९५९ मध्ये फोर्डनेही स्वतःची फोर्ड क्रेडिट काढलीच.

डीलरचा माल भरून देण्याचं ते काम आजही चालतं. शोरूमच्या मागच्या यार्डात उभ्या दिसतात त्या गाड्या बहुतेक वेळा डीलरच्या खिशातून आलेल्या नसतात. त्यावर इन्व्हेंटरी फंडिंग, म्हणजे साठ्यातल्या मालावरचं कर्ज, घेतलेलं असतं, कधी बँकेचं, कधी कंपनीच्याच फायनान्स शाखेचं, आणि उभ्या गाडीवर रोज व्याज चढत असतं. महिनाअखेरीला सेल्सवाला अचानक एवढा प्रेमळ होतो, त्याचं अर्धं कारण टार्गेट आणि अर्धं हे.

आता आपल्याकडचं. ‘कंपनीचं फायनान्स’ म्हणतात ते खरंच कंपनीचं आहे का, हे आधी बघा. महिंद्राची महिंद्रा फायनान्स आहे. टोयोटा, फोक्सवॅगन, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज यांच्याही शाखा भारतात आहेत. टाटा मोटर्स फायनान्स मात्र २०२५ मध्ये समूहातल्याच टाटा कॅपिटलमध्ये विलीन झाली. मारुतीचं ‘स्मार्ट फायनान्स’ म्हणजे एका खिडकीवर अनेक बँका आणि वित्तसंस्था. पैसे देणारा कोणीतरी वेगळाच. तेव्हा सँक्शन लेटरवर, म्हणजे कर्जमंजुरीच्या पत्रावर, नाव कोणाचं आहे ते वाचा. अनेकदा ज्या बँकेत तुमचं पगाराचं खातं आहे तिचंच नाव निघतं, आणि कर्ज जुळवून दिल्याचं कमिशन, म्हणजे पेआउट, डीलरच्या खात्यात जातं.

व्याज कमी कसं, हा खरा मुद्दा. फायनान्स कंपनी स्वतः पैसा उचलते तोच बँकांकडून आणि बाँडबाजारातून. बँकेसारखी बचत खात्यांतली स्वस्त रक्कम तिच्याकडे नसते. तरी ती बँकेपेक्षा कमी दर देत असेल, तर मधला फरक गाडी बनवणारी कंपनी भरत असते. याला धंद्यात सबव्हेन्शन म्हणतात. म्हणजे ती सूटच, फक्त किमतीत न देता व्याजात दिलेली. आणि एकाच गाडीवर दोन्ही सवलती सहसा मिळत नाहीत.

तुमच्याच आठ लाखांवर बघा, पाच वर्षांसाठी. आकडे समजण्यापुरते घेतो. कंपनीचा दर ८ टक्के, हप्ता साधारण १६,२२१. बँकेचा ९.२५ टक्के, हप्ता १६,७०४. कंपनीकडे पाच वर्षांत एकोणतीस हजारांच्या आसपास वाचले. पण बँकेचं कर्ज घेणाऱ्याला किमतीत ४० हजार सूट मिळत असेल तर कर्जच ७ लाख ६० हजारांचं घ्यावं लागतं आणि हप्ता येतो १५,८६९. आता बँकच एकवीस हजारांनी स्वस्त पडली. म्हणून सेल्सवाल्याला विचारायचा प्रश्न असा : ‘ही स्कीम नको म्हटलं तर गाडी कितीला देता?’ उत्तर तोंडी नको, कोटेशनवर लिहून घ्या.

दुसरी मेख फ्लॅट रेटची. ‘फक्त ६ टक्के’ ऐकलं की आधी फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज) की रिड्युसिंग (घटत्या शिलकीवर व्याज) ते विचारा. सहा लाखांवर ६ टक्के फ्लॅट, पाच वर्षं, म्हणजे एक लाख ऐंशी हजार व्याज आणि १३,००० हप्ता. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर १०.८५ टक्क्यांच्या घरात जातो. सुदैवाने १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किरकोळ कर्जाआधी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ द्यावंच लागतं, बँक असो की फायनान्स कंपनी. त्यात एपीआर नावाची ओळ असते. प्रोसेसिंग फी वगैरे धरून पडणारा खरा वार्षिक दर. दोन ठिकाणचे कागद शेजारी ठेवून तेवढी ओळ ताडून बघा. आमच्या टेबलावर लोक हप्ता विचारायचे, रंग विचारायचे आणि सह्या करायचे.

मुदतीआधी कर्ज फेडायचा विचार असेल तर फोरक्लोजरचं कलम वाचा. कारचं कर्ज बहुधा फिक्स्ड दराचं असतं आणि त्यावर दंड लागू शकतो. बोनसमधून दोन-तीन वर्षांत मोकळं व्हायचं असेल तर हा आकडा अर्ध्या टक्क्याच्या फरकापेक्षा जड जातो.

मग कंपनीच्या फायनान्सचा उपयोग कोणाला? ज्याला बँक दारात उभं करत नाही त्याला. महिंद्रा फायनान्स वाढली ती खेड्यांत, जीप, पिकअप आणि ट्रॅक्टरवर. आयकर विवरणपत्र नाही, पगाराची स्लिप नाही, आहे तो सातबारा आणि उसाचं बिल, असा माणूस. त्याला दर महिन्याचा हप्ता जमत नाही. पीक निघाल्यावर सहामाही भरायला जमतो. ही गणितं कंपनीच्या तिथल्या माणसाला कळतात. दर चढा असतो, वसुलीही कडक असते. २०२२ मध्ये झारखंडमधल्या एका ट्रॅक्टर जप्तीत गर्भवती महिलेचा जीव गेला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने महिंद्रा फायनान्सला बाहेरच्या एजंटांकरवी वसुली-जप्ती करायला काही महिने बंदी घातली होती.

तुमची केस तशी नाही. चांगला सिबिल असताना आणि पगार खात्यात येत असताना मी तरी आधी स्वतःच्या बँकेकडून सँक्शन लेटर घेऊन मगच शोरूममध्ये गेलो असतो. ते टेबलावर ठेवलं की दर नाहीतर किंमत, काहीतरी हलतंच. आणि कर्ज कुठूनही घ्या, फिटल्यावर एनओसी आणि फॉर्म ३५ लगेच मागून आरटीओत आरसीवरचं एचपी, म्हणजे गाडी कर्जाला तारण असल्याची नोंद, उतरवा, इन्शुरन्स पॉलिसीवरचंही. लोक ते विसरतात आणि गाडी विकायला काढली की धावपळ करतात.