बाहेरचे ऐकतात, मग घरचे का ऐकत नाहीत?

"ताई, सभेत माणसं माझं ऐकून रडतात आणि घरी मी तोंड उघडलं की बायको भांडी घासायला उठते." एका सुवार्तिकाचं, म्हणजे येशूची सुवार्ता सांगत फिरणाऱ्या माणसाचं, हे वाक्य आहे, पण तेच दुखणं मी इतक्या तोंडून ऐकलंय की ते कुणा एकाचं राहिलेलं नाही. मी समुपदेशन करते. माझ्याकडे चर्च सांभाळणारे पाळक येतात, पाळकीण बाई येतात, संडेस्कूल चालवणाऱ्या शिक्षिका येतात, शेजारणी जमवून शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, वर्ग घेणाऱ्या सासुरवाशिणी येतात. मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, मान आहे, लोक प्रार्थनेसाठी फोन करतात, आणि ज्यांनी पहिल्यांदा ऐकावं असं वाटतं तेच ऐकत नाहीत. बहुतेक जण त्याचं कारणही सोबत घेऊनच येतात: संदेष्ट्याला, देवाचा निरोप सांगणाऱ्याला, त्याच्या घरी मान नसतो, हे प्रभू येशूनेच सांगून ठेवलंय.

बायबलमध्ये मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातलं ते वचन खरं आहे आणि त्यात फार मोठा दिलासा आहे. पण ते फार लवकर उच्चारलं जातं. जखम धुण्याआधीच पट्टी बांधून टाकावी तसं ते होतं, आणि आत काय आहे हे पाहायचं राहून जातं. म्हणून हा अनुभव लिहिते आहे. ज्यांचा आहे त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ते शहरातल्या एका मंडळीचे पाळक. वय पन्नाशीच्या अलीकडे, मूळ गाव नगर जिल्ह्यातलं. गावी आई, धाकटा भाऊ, भावजय, त्यांची मुलं, थोडी बागायत, बाकी कांद्याची जिरायत. कापणीच्या सणाला गावच्या मंडळीने उपदेशासाठी यांना बोलावलं. लहानपणी ज्या सतरंजीवर बसून गीतं म्हटली, तिथे आता व्यासपीठावरून बोलायचं, म्हणून मोठ्या उमेदीने गेले. भाऊ शेवटच्या रांगेत बसला होता. उपदेश रंगात आला आणि तो उठून बाहेर गेला. संध्याकाळी ओट्यावर एवढंच म्हणाला, "दादा, तू बोलतोस चांगलं. पण ते आम्हाला नको सांगत जाऊस."

त्यानंतर वर्ष उलटून गेलं तरी पाळकसाहेब गावी गेले नव्हते. झोप उडाली होती. उपदेश लिहायला बसलं की भावाचा चेहरा समोर यायचा.

पहिल्या काही भेटींत ते माझ्याशीही उपदेशाच्याच सुरात बोलत. प्रत्येक प्रसंगाला एक वचन जोडलेलं. दाविदाच्या थोरल्या भावाने, अलियाबाने, रणांगणावर त्याला कसं झापलं, ती चार मेंढरं कोणाकडे सोडून आलास म्हणून. यिर्मया संदेष्ट्याच्या जिवावर त्याच्याच अनाथोथ गावचे लोक कसे उठले, आणि बाराव्या अध्यायात देव त्याला सांगतो की तुझे भाऊ, तुझ्या बापाचं घराणंसुद्धा तुझ्याशी बेइमान झालंय. सगळं बरोबर होतं. मी ऐकून घेतलं आणि एक विनंती केली: पुढच्या वेळी एकही वचन न वापरता तुमच्या घरचा एक दिवस मला सांगा. कोण उठतं, कोण चूल पेटवतं, कोण कोणाशी बोलतं.

त्यांना ते जमेना. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं हे ठाऊक होतं, पण पैसे कुठून आले ते ठाऊक नव्हतं. भावाची मुलगी कितवीत आहे यावर ते अडखळले.

इथे माझा कल सांगायला हवा. माझ्या शिकण्यावर मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाचा मोठा ठसा आहे. माणूस एकटा पाहू नका, त्याचं घर पाहा, हे त्यांचं मुख्य सांगणं. १९६७ साली एका परिषदेत त्यांनी स्वतःच्याच आईवडिलांच्या आणि भावंडांच्या घरात वेगळं वागून पाहण्याचे आपले प्रयत्न मांडले होते. बाहेर कितीही प्रगल्भ झालेला माणूस उंबरा ओलांडला की पुन्हा थोरला, धाकटा, लाडका, नावडता होऊन बसतो. त्यामुळे घरच्यांनी आपलं ऐकलं नाही असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, घरात तुमची जागा कुठली?

म्हणून त्यांना साधा प्रश्न विचारला, "घरी जेवणाआधी प्रार्थना कोण करतं?"

"मी. मी असलो की मीच."

"आणि तुम्ही नसता तेव्हा?"

ते गप्प झाले. माहीत नव्हतं. मी म्हटलं, विचारून या. फोनवर नको, जाऊन या. आणि तिथे काही शिकवू नका.

पुढच्या भेटीला आले तेव्हा त्यांनी नेहमीसारखी शास्त्राची पिशवी मांडीवर घेतली नव्हती. म्हणाले, "धाकटाच करतो. रोज. रात्री आईला एक स्तोत्र वाचून दाखवतो, तिला आता अक्षर लागत नाही. ऑपरेशनसाठी त्याने शेळ्या विकल्या. मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही असताना तो प्रार्थना का करत नाही, विचारलंत?"

"विचारलं. म्हणाला, 'तू आलास की सगळं तुझंच असतं, दादा.'"

बराच वेळ कोणी बोललं नाही. अशा वेळी मी घाई करत नाही. ही शांतता मोडली की माणूस परत आपल्या जुन्या वाक्यांत जाऊन बसतो. मग तेच हळू आवाजात म्हणाले, "वीस वर्षं मी त्याच्यासाठी प्रार्थना करतोय ताई. देवा, माझ्या भावाला जवळ आण म्हणून."

"आणि त्याच्याकडून तुम्ही स्वतःसाठी कधी प्रार्थना करून घेतलीत?"

हा प्रश्न मी आधी ठरवला नव्हता. पण इतक्या वर्षांच्या कामातून जे काही गवसलं त्यातलं सगळ्यात मोलाचं मला तो वाटतो, आणि तेव्हापासून मी तो अनेकांना विचारला आहे. पाळकसाहेब ओंजळीत तोंड धरून रडले. भावाने सुवार्ता नाकारली असं ते समजत होते. भाऊ रोज रात्री स्तोत्र वाचत होता. त्याने नाकारलं होतं ते एवढंच, की आपल्याच घरात कायम श्रोता होऊन बसायचं.

येशूने ते वचन उच्चारलं ते त्याच्याच गावी, नासरेथला. त्या दिवसापासून नासरेथचा तो प्रसंग मी वेगळ्या नजरेने वाचू लागले. हा तो सुतार ना, मरीयेचा मुलगा ना, याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन यांचा भाऊ ना, असं गावकरी विचारतात. आपण त्यातला हिणवण्याचा सूर तेवढा पकडतो. पण त्या प्रश्नांत केवढी ओळख आहे ते पाहा. लोकांना त्याच्या हातचं काम माहीत होतं, भावांची नावं पाठ होती. लूक सांगतो की बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरातून आईबापांबरोबर नासरेथला परतला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला, आणि काम सुरू केलं तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. म्हणजे ज्या गावाने त्याला नाकारलं, त्या गावाला त्याने आपल्या आयुष्याचा सगळ्यात मोठा हिस्सा देऊन झाला होता. एक शब्दही न शिकवता.

म्हणून जो कुणी मला ते वचन ऐकवतो त्याला मी प्रेमाने विचारते: तुम्ही घराला किती वर्षं दिलीत? उत्तर भरभक्कम असेल, तर ते वचन तुमचं आहे, खुशाल उशाशी घ्या. उत्तर देताना जीभ जड झाली, तर आधी घराचं देणं फेडा. घरच्यांची तक्रार अनेकदा सुवार्तेशी नसतेच. तुमच्या सेवेची किंमत त्यांनी मोजलेली असते: दवाखान्यात रांग लावून, मुलांची फी जमवून, सणाला तुमची वाट बघत बसून. ती किंमत कुणी बोलूनही दाखवत नाही आणि वर त्यांनाच त्यागावर उपदेश ऐकावा लागतो.

एवढं म्हटल्यावर दुसरी बाजू तितक्याच ठामपणे मांडते, कारण सगळा दोष नाकारल्या गेलेल्याच्या पदरात टाकणं अन्यायाचं होईल. घराला सर्वस्व दिलेल्यांनाही घर नाकारतं. खुद्द प्रभूचंच पाहा. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात त्याचे आप्त त्याला धरून न्यायला निघतात, कारण त्याला वेड लागलंय असं त्यांना वाटतं. योहान स्पष्ट लिहितो की त्याच्या भावांचासुद्धा त्याच्यावर विश्वास नव्हता. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नसतं, दुःख मात्र खरं असतं. माझ्याकडे एक बाई येत. सासू-सासऱ्यांची सेवा, नोकरी, मुलं, सगळं सांभाळून त्या बायकांचा शास्त्रवर्ग चालवत, आणि घरात त्यांना "आल्या धर्मगुरू" म्हणून टोमणे मिळत. त्यांना मी काहीही सुधारायला सांगितलं नाही. त्यांना रडायला जागा हवी होती, आणि हे कुणीतरी ऐकायला हवं होतं की यात तुमचं काही चुकलेलं नाही. नासरेथकरांच्या अविश्वासाचं प्रभूला आश्चर्य वाटलं असं मार्क लिहितो. म्हणजे त्यालाही ते लागलं. त्याने थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवून त्यांना बरं केलं आणि तो आसपासच्या गावांतून शिकवत फिरला. कुणाला पटवत बसला नाही, आणि हात आखडूनही घेतला नाही. त्या बाईंनी वर्ग चालू ठेवला, आणि घरात त्याविषयी बोलणं सोडून दिलं.

आणि जिथे मारहाण आहे, कोंडून ठेवणं आहे, पैसा हिसकावून घेणं आहे, तिथे "प्रभूसाठी सोसते" हे वाक्य मी चालू देत नाही. लूकच्या चौथ्या अध्यायात नासरेथचा जमाव त्याला कड्यावरून ढकलायला घेऊन गेला, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. ढकलू दिलं नाही. बहिणींनो, त्याच्यासारखं निघून जाण्यात विश्वासाला कमीपणा नाही. महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. आधी सुरक्षित जागी या, बाकीचं मग बघू.

किती दिवस थांबायचं, असं सगळेच विचारतात. प्रभूच्या भावांची गोष्ट इथे फार उपयोगी पडते. वधस्तंभाजवळ आईला सांभाळायला त्याने शिष्याच्या हाती दिलं. पण 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात माडीवर प्रार्थना करणाऱ्यांमध्ये मरीया आहे आणि त्याचे भाऊही आहेत. प्रेषित पौल लिहितो की पुनरुत्थित प्रभू याकोबाला, आपल्या भावाला, दिसला. हाच याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा आधारस्तंभ झाला आणि इ. स. ६२ च्या सुमारास त्याला दगडमार करून ठार मारण्यात आलं. तीस वर्षांच्या सहवासातून आणि नंतरच्या सगळ्या चमत्कारांतून जे झालं नाही ते प्रत्यक्ष भेटीत झालं. ती भेट कधी घडायची ते त्या दोघांमधलं होतं, तिसऱ्या कुणाच्या हातातलं नव्हतं.

आपल्या मराठी मंडळीला तर घरातलंच उदाहरण आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, मग नगरला आल्या, तरी सोवळं सुटलं नव्हतं. टिळकांसारखा बोलण्यात हातखंडा असलेला माणूस, पण लक्ष्मीबाई त्यांच्या वाक्चातुर्याने बदलल्या नाहीत. जातिभेद देवाने केला का, यावर स्वतःशीच विचार करता करता त्यांचं मन फिरलं आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा ख्रिस्तचरित्रावरचं त्यांचं काव्य अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनीच पुढे लिहीत नेलं. त्या मधल्या वर्षांत टिळकांनी त्यांना आपल्या वेगाने ओढलं असतं, तर हे झालं असतं असं मला वाटत नाही.

तेव्हा घरी जाताना काय करावं? उपदेश बाहेर ठेवून जा. घरातलं एखादं काम अंगावर घ्या, दिखाऊ नको, दर खेपेला करता येईल असं. तुमच्या सेवेमुळे ज्याच्यावर जास्त भार पडला त्याला नाव घेऊन, नेमक्या गोष्टीबद्दल धन्यवाद द्या. "तुम्ही सगळ्यांनी खूप केलं" हे मोघम वाक्य कुणापर्यंत पोहोचत नाही. वाद निघाला तर जिंकू नका. त्यांच्यातलं कुणी प्रार्थना करत असेल तर डोकं झुकवून आमेन म्हणा. आणि मंडळीत उपदेश करताना घरच्या माणसांची उदाहरणं देणं ताबडतोब थांबवा, गौरवाचीसुद्धा. माझ्याकडे आलेल्या पाळकांच्या मुलांचं हे फार मोठं दुखणं आहे.

पाळकसाहेब आता महिन्यातला एक सोमवार गावी काढतात. कांद्याच्या लागणीत ते भावाच्या शेजारी वाकून रोपं लावत होते, कंबर धरली तेव्हा भावजयीने हसून चहा आणला, हे सांगताना त्यांचा चेहरा मी प्रथमच मोकळा पाहिला. निघताना त्यांनी भावाला विचारलं, माझ्यासाठी प्रार्थना करशील का? भाऊ म्हणाला, "आज नाही, पुढल्या खेपेला बघू." ते खट्टू झाले होते. मी त्यांना म्हटलं, हा नकार नाही, पण होकार समजून मनात घोडंही नाचवू नका. पुढल्या खेपेला आठवण करून देऊ नका, तोच काढेल तेव्हा काढेल. तो चर्चमध्ये अजून येत नाही. आमच्या पुढच्या भेटीत जमिनीचा विषय आहे: सातबाऱ्यावर दोघांचं नाव आहे आणि राबतो एकटा धाकटा. तो विषय स्वतःहून काढायचा असं पाळकसाहेबांनी ठरवलं आहे.